फिल्टरमधली हवा

"सेल्फ मारतोय, पण गाडी उचलत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्या माणसानं तोंड उघडायच्या आत मला ते कळतं. पुण्यातल्या गॅरेजात माझी सोळा-सतरा वर्षं गेली. हे सांगणारा माणूस नेहमी थोडा चिडलेला असतो आणि त्याचं चिडणं खोटं नसतं. दिवे लागताहेत, हॉर्न वाजतोय, चावी फिरवली की इंजिन गरगर फिरतंय, पण पकड घेत नाही. मी म्हणतो, बसा, चहा घ्या. डिझेलच्या इंजिनाला हवा, डिझेल आणि दाब एवढंच लागतं. त्यातलं काहीतरी कुठेतरी अडलंय, ते कुठे अडलंय तेवढं शोधायचं. लोकांना वाटतं माणूस हुशार आहे. मलाही तसं वाटायचं.

त्या हुशारीमुळेच माझा बाप गेला, असं मी स्वतःशी म्हणतो. हे कोणी दुसऱ्यानं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

आमचं गाव गुलबर्ग्याकडच्या आळंदपासून बारा-तेरा किलोमीटर आत, उमरग्याच्या अंगाला. आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. मी शाळेत होतो तोवर बापाचा, अप्पांचा, कळप होता. पुढे गायरानं नांगराखाली आली, जिथे मेंढरं चरायची तिथे तूर उभी राहिली, आणि अप्पांनी कळप मोडला. लोकर कातरायची कातर, घोंगडं आणि सूत काढायची चाती एवढं त्यांनी ठेवलं. ओट्यावर बसून ते दिवसभर चाती फिरवायचे. ती लोकर कोणी विकत घ्यायचं नाही. मी एकदा म्हणालो की अप्पा, आता हे कशाला, तर ते म्हणाले की हाताला दुसरं काय सांगू.

आई मी आठ वर्षांचा असताना गेली. पुढच्या वर्षी अण्णाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. अण्णा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, वहिनी तेव्हा सतरा वर्षांची. तिचं माहेर मुडबीकडचं, बोलता बोलता कन्नडात शिरायची सवय, म्हणून मला ती पहिल्या दिवसापासून 'तम्मा' म्हणते, धाकटा भाऊ. मी दहावीला नापास झालो तेव्हा निकाल तिनं दोन दिवस अप्पांपासून लपवला. तिसऱ्या दिवशी स्वतःच सांगितला आणि लपवल्याबद्दलची बोलणी स्वतःच खाल्ली. मला कोणी काही बोललं नाही, कारण बोलून बोलून अप्पा थकले होते. वहिनी माझ्यासाठी काय आहे हे यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही.

मी पुण्याला गेलो, अण्णा गावात राहिला. त्यानं जुनी पिकअप घेतली, डिझेलवरची. सुगीत तूर आणि ज्वारी आळंदच्या बाजारात न्यायची, लग्नसराईत वऱ्हाड न्यायचं, आणि दिवाळीनंतर गाठोडी घेऊन पुण्याला कामाला निघालेली घरंच्या घरं एसटी स्टँडवर सोडायची. त्या वर्षांत गावातून बाहेर गेलेला जवळजवळ प्रत्येक माणूस अण्णाच्या गाडीतून गेला. येताना गाडी रिकामी यायची, आणि ते त्याला आवडायचं नाही.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. त्या दिवशी हत्यारांची पूजा सगळीकडे होते. आमच्या घराण्यात मात्र कंकण सुताचं नसतं, लोकरीचं असतं. लग्नातही तेच आणि खंडेनवमीलाही तेच. अप्पांनी कातलेला लोकरीचा धागा हळदीच्या पाण्यात भिजवायचा, त्यात हळकुंड गुंफायचं आणि घरच्या थोरल्या सुनेनं ते प्रत्येक हत्याराच्या 'हाताला' बांधायचं. विळ्याची मूठ, कुऱ्हाडीचा दांडा, शिवणयंत्राचं हँडल. हत्याराला हात असतोच असं आमच्यात मानतात, आणि वर्षभर राबलेला तो हात त्या दिवशी बांधून ठेवायचा म्हणजे त्याला विश्रांती. मग दसऱ्याच्या संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घरात येईपर्यंत ते कंकण कोणी सोडत नाही आणि हत्याराला कोणी हात लावत नाही. चुकून हात लागला तर कानाला लावतात. मी पुण्यात गाड्यांचे पार्ट रात्रंदिवस उघडे करायचो, पण गावात आलो की मीही कानाला हात लावायचो.

त्या वर्षी मी दसऱ्याला चार दिवस सुट्टी काढून आलो होतो. पान्यांची माझी गुंडाळी बरोबर आणली होती, कारण ती मी कुठेच ठेवून जात नसे. सकाळी अण्णानं आणि मी विहिरीवर नेऊन पिकअप धुतली. दारात आणून उभी केली, झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबं ठेवली. माझे पानेही देवापुढे अप्पांच्या कातरीशेजारी मांडले गेले आणि त्या गुंडाळीलाही वहिनीनं कंकण बांधलं. बारापर्यंत पूजा, नैवेद्य, जेवणं उरकली. अप्पांनी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, वर दूध प्यायले आणि ओट्यावर टेकले.

एकच्या सुमारास त्यांना घाम सुटला. ते म्हणाले पुरण बाधलं, पित्त झालं. वहिनीनं पंख्यानं वारा घातला, मग त्यांच्या कपाळाला हात लावला आणि अण्णाला हाक मारली. तिच्या हाकेतच कळलं. डावा हात दुखतोय, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय असं अप्पा सांगत होते, तेही आपलं उगीच सांगितल्यासारखं. आम्ही पिकअपच्या हौद्यात गादी टाकली, त्यांना उचलून निजवलं. वहिनी चढली आणि तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. खंडेनवमीला गाडी काढायची नसते हे त्या घटकेला कोणाच्या मनातही आलं नाही. अण्णानं चावी फिरवली.

गर्र, गर्र, गर्र. इंजिन फिरलं, धरलं नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

"सकाळी एका सेल्फला उचलली की रे," अण्णा म्हणाला.

मी पुढे झालो. मला बरं वाटलं हे लपवण्यात अर्थ नाही. घाबरलो होतोच, पण त्याखाली कुठेतरी बरं वाटलं, की मी इथे आहे, माझ्या कामाची गोष्ट आहे. जुन्या पिकअपमध्ये इंजिन बंद करायला एक काळी मूठ ओढावी लागते. ती ओढलेली राहिली तर डिझेल तुटतं आणि गाडी कितीही फिरवली तरी उचलत नाही. नवखा माणूस तिथेच फसतो, म्हणून पहिल्यांदा मी ती पाहिली. मूठ आत होती. ते मी मनातून खोडून टाकलं. डिझेल काल भरलेलं. बॅटरी ठणठणीत. मी बॉनेट वर केलं आणि म्हणालो, पाच मिनिटं द्या.

पाने देवघरात होते. मी उंबऱ्यापर्यंत धावलो आणि तिथेच थांबलो. हौद्यातून अप्पांचा आवाज आला. बोलताना त्यांना धाप लागत होती.

"हत्याराला हात लावू नगं. उद्यापतूर थांब."

मी खरोखर थांबलो. आज सांगायला लाज वाटते, पण पुण्याचा मिस्तरी उंबऱ्यावर उभा राहिला आणि त्याचं पाऊल उचलेना. वहिनीनं अप्पांचं डोकं हलकेच उशीवर ठेवलं, हौद्यातून खाली उडी मारली, माझ्या शेजारून देवघरात गेली, माझ्या गुंडाळीचं कंकण दातानं तोडलं आणि गुंडाळी माझ्या हातात दिली.

"कोपायचं तर माझ्यावर कोपू दे देवाला," ती म्हणाली. "तू खोल."

मग मी खोलायला लागलो. आधी फिल्टर. वरचा हवेचा स्क्रू सैल केला, हातपंप दाबला. दोन-चार बुडबुडे आले, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला, अण्णानं सेल्फ मारला, काही नाही. पुन्हा पाच मिनिटं मागितली. टाकीकडून येणारी नळी काढून फुंकून बघितली, मोकळी होती. फिल्टर अख्खा काढला, झटकला, परत बसवला. पुन्हा हवा काढली.

गावातली माणसं जमली होती. गावात जीप एकच, ती तुळजापूरला गेलेली. फोन किराणा दुकानात. कोणीतरी म्हणालं, आळंदहून जीप मागवू या, यायला तासभर लागेल. अण्णानं माझ्याकडे पाहिलं. मी बॉनेटखालूनच म्हणालो की तासभर कशाला, पाच मिनिटांत करतो. अण्णानं फोन केला नाही. त्या दुपारी मी चार वेळा पाच मिनिटं मागितली आणि चारही वेळा सगळ्यांनी ती दिली, कारण मी पुण्याचा.

डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे मोठ्या पंपातून जाणाऱ्या नळ्यांचे नट सैल केले. अण्णाला सेल्फ मारायला सांगितलं आणि बोट लावून पाहिलं. एकाही नळीतून डिझेलचा थेंब येत नव्हता. म्हणजे पंपापर्यंत डिझेल पोचतंय आणि पंप पुढे देत नाही. पंप बसला असेल तर तो गुलबर्ग्याशिवाय होणार नव्हता, आणि आम्हाला तर मोठ्या दवाखान्यासाठी गुलबर्ग्यालाच जायचं होतं. मी हे कोणाला सांगितलं नाही. नट आवळले आणि ढकलून बघू म्हणालो.

दहा-बारा माणसांनी उतारावरून गाडी ढकलली. वर अप्पा, त्यांना धरून वहिनी. गाडी हिसका खायची, अप्पा कण्हायचे, इंजिन धरायचं नाही. पलीकडच्या आळीतल्या एकानं आपल्या ट्रॅक्टरचं कंकण तोडलं आणि ट्रॅक्टर घेऊन आला. दोर लावून ओढलं, तरी नाही. मग ठरलं की आता तसंच ओढत आळंदपर्यंत न्यायचं. ट्रॅक्टरवाला जाडा दोर आणायला घरी गेला. त्या दुपारी गावानं आमच्यासाठी किती कंकणं तोडली. एवढी सगळी तुटली, आणि जे तुटायला हवं होतं ते राहिलं.

दोर येईपर्यंत मी परत बॉनेटखाली वाकलो. आशा नव्हती, पण नुसतं उभं राहवेना. अण्णाला म्हणालो, ती बंद करायची मूठ दोनदा आत-बाहेर कर. त्यानं केली. पंपाला एक बोटाएवढी दांडी असते. मूठ ओढली की तार तिला ओढते आणि डिझेल बंद होतं, मूठ आत ढकलली की ती परत जागेवर येते. तार हलली. दांडी हलली नाही.

दांडीला लोकरीचं कंकण बांधलेलं होतं. त्याचं दुसरं टोक शेजारच्या नळीला घट्ट आवळलेलं, की सुटून पडू नये. पिवळंधमक, मधोमध हळकुंड, वर कुंकवाचा ठिपका. दांडी बंद करायच्या बाजूला ओढली गेली होती आणि तिथेच बांधली गेली होती.

मी ते तोवर पाहिलं नव्हतं असं नाही. पाऊण-एक तास माझे हात त्याच्या आजूबाजूलाच फिरत होते. एकदा पाना त्याला लागणार होता, तेव्हा मी मनगट वळवून तो बाजूनं नेला होता. ते देवाचं होतं. डोळ्यांनी पाहिलं आणि मनानं घेतलं नाही. एखाद्या परक्या मिस्तरीनं बॉनेट वर केल्या केल्या विचारलं असतं, हे काय बांधलंय? हातात पाने नसते तर मीही कदाचित नुसतं बघत उभा राहिलो असतो, आणि मला दिसलं असतं.

पकडीनं धागा तोडला आणि खिशात टाकला. बॉनेट वर होतं, अण्णाला पलीकडून काही दिसलं नाही. म्हणालो, मार. अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू झालं.

जमलेल्या लोकांच्या तोंडून सुटकेचा आवाज निघाला. अण्णानं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, काय झालं होतं. माझ्या समोर अण्णा होता, आणि त्याच्यामागे हौद्यात अप्पांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली वहिनी. ती माझ्याकडेच बघत होती.

"फिल्टरमध्ये हवा धरली होती," मी म्हणालो.

अण्णाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "फिल्टर बदलायचा ऱ्हायलाय. दोन महिने झालं, उद्या बघू, उद्या बघू म्हणायलोय मी."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं हवेला काय, हवा कोणाची नसते. जे कोणाचंच नाही त्यावर घालून मी मोकळा होत होतो. ते अण्णाच्या अंगावर जाऊन बसलं, आणि तेव्हा बोलत बसायला वेळ नव्हता.

आळंदला डॉक्टर होते. त्यांनी जिभेखाली गोळी दिली, इंजेक्शन दिलं आणि लगेच गुलबर्ग्याला न्या म्हणाले. अण्णानं विचारलं, वाचतील ना. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला पाहिजे होतं. त्यांचा त्यात काही दोष नाही, विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. अण्णा त्या शब्दासरशी खाली बसला. मग उठला आणि गाडीत जाऊन बसला.

गुलबर्ग्याच्या वाटेवर, कडगंचीच्या पुढे वहिनीनं मागची काच वाजवली. दोनदा वाजवली, सावकाश. अण्णानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ऊन अजून होतं. दोन्ही बाजूंना तूर फुलायला आली होती, आणि अप्पा तिकडे बघत होते असं वाटत होतं. वहिनीनं त्यांचे डोळे मिटले. पुढे त्या भागात मोठं विद्यापीठ झालं, रस्ता रुंद झाला. मी तिथून जातो तेव्हा ती जागा नक्की कुठली ते आता ओळखू येत नाही, आणि मला त्याचं बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. गाव सोनं लुटायला निघालं होतं तेव्हा आम्ही अप्पांना माती दिली. खिशातलं कंकण मी मुठीतल्या मातीबरोबर खाली सोडलं. धागा त्यांनीच कातलेला होता.

इथपर्यंत मी एक गोष्ट सांगितलेली नाही. सांगणारच नव्हतो. त्या दिवशी सकाळी गाडी धुऊन आणल्यावर वहिनी कंकणांचं ताट घेऊन आली होती आणि तिनं मला विचारलं होतं की तम्मा, सगळ्यांचे हात दिसतात, या इंजिनाचा हात कुठला? मला गंमत वाटली. जरा ऐट दाखवावीशीही वाटली. मी बॉनेट वर करून ती दांडी दाखवली आणि म्हणालो, हा बघ वैनी, याच्या हातात सगळं, हा म्हणेल तेव्हा इंजिन गप्प. आणि मी दाढी करायला निघून गेलो. ती कुठे आणि कशी बांधते ते पाहायला थांबलो नाही. तिनं तिच्या रीतीनं हात बांधला, चांगला घट्ट. आजवर मी म्हणत आलो की वहिनीला वाचवायला खोटं बोललो. ते अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात मी मला वाचवलं.

अण्णा बदलला. पहिल्याच आठवड्यात त्यानं फिल्टर बदलला आणि मग दर महिन्याला बदलायला लागला. आळंदच्या बाजारात दुसरा कोणी गाडीवाला भेटला की विचारायचा, फिल्टर कधी बदललास? लोक त्याची चेष्टा करायला लागले. लांबून येताना दिसला की म्हणायचे, आला फिल्टरवाला. तो हसायचा नाही आणि रागवायचाही नाही. दोन-अडीच वर्षांनी त्यानं गाडी चिंचेखाली लावली ती लावलीच. पेशंट न्यायला कोणी बोलवायला आलं तर तो घरात नाही असं सांगायला लावायचा. आणि मग ज्या स्टँडवर त्यानं निम्मं गाव सोडलं होतं तिथूनच तो आणि वहिनी पुण्याला आले. तो एका सोसायटीत वॉचमन झाला, वहिनी दोन घरी पोळ्या करायची. माझ्या खोलीपासून ते वीस मिनिटांवर राहायचे. मी दर रविवारी जायचो आणि दर रविवारी आज सांगू म्हणून जायचो. वहिनी समोर असायची. ती पाण्याला उठली की मला वाटायचं आता बोलावं, आणि तेवढ्यात ती परत यायची. खरं म्हणजे तिला पाणी आणायला वेळ लागायचा. मलाच बोलायचं नव्हतं.

अशी नऊ वर्षं गेली. त्या दसऱ्याला आम्ही तिघं गावी गेलो होतो. चिंचेखालची गाडी आता भंगारच झाली होती, आणि उमरग्याहून एक भंगारवाला ती बघायला आला. त्यानं सहज विचारलं, गाडी चांगली होती की, लावून कामून ठेवली? मी ओट्यावर बसलो होतो. अण्णा त्याला म्हणाला, अगदी साध्या आवाजात, गाडीचं मॉडेल सांगावं तसं:

"या गाडीत मी माझा बाप मारलाय. फिल्टर बदलला न्हाई म्हणून."

भंगारवाला गाडीभोवती एक चक्कर मारून, नंतर येतो म्हणून निघून गेला. मी उठलो आणि चिंचेखाली अण्णाजवळ गेलो. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मला रडू येत होतं आणि स्वतःचा राग येत होता, आणि त्यातलं कुठलंच त्याच्या उपयोगाचं नव्हतं.

"अण्णा," मी म्हणालो, "फिल्टरमध्ये हवा नव्हती."

आणि मग सगळं सांगितलं. दांडी, कंकण, सकाळी वहिनीनं विचारलेलं, मी बोट दाखवलेलं, जीप मागवू नका म्हणालेलो. काही सोडलं नाही. तो गाडीच्या पत्र्याला हात लावून उभा होता, आणि तो हात तसाच राहिला. मला वाटलं तो मला मारेल. मारावं असं मनातून वाटत होतं. त्यानं एवढंच विचारलं, "तिला ठाव हाय?"

"न्हाई."

"तिला सांगू नगंस."

मी म्हणालो की अण्णा, मग तुझं काय? नऊ वर्षं तू...

"मला सवय झालीय," तो म्हणाला. "तिला आता नव्यानं कामून द्यायचं? ऱ्हाऊ दे माझ्यावरच."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. तिनं आम्हा दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय चाललंय म्हणून विचारलं. मी चहाचा कप घेतला आणि जमिनीकडे बघायला लागलो. अण्णा म्हणाला, दुसरं काय, त्या फिल्टरचंच.

वहिनीनं त्याच्या हातात कप दिला. त्याच्या खांद्यावर चिंचेचा पाला पडला होता, तो झटकला.

"किती दिवस मनाला लावून घ्यायलाव?" ती म्हणाली. "चूक कुणाच्या बी हातून होती. अप्पांनी तवाच माफ केलंय. शेवटाला माझ्या मांडीवर होते ते, मला ठाव हाय."

अण्णानं तिच्याकडे पाहिलं.

"तू म्हणायलीस तर केलं असंल," तो म्हणाला, आणि चहा प्यायला लागला.